डावीकडून दुसरा

या वर्षी मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी साडेचार वाजता, मी एक फोटोओळ प्रसिद्ध केली. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी पावणेसहाला ती काढून टाकली. नऊ दिवस आणि सव्वा तास ती लोकांसमोर होती.

ओळीत तीन वाक्यं होती. ‘डावीकडून दुसरा: लाटवियातल्या रीगा बंदरातला गोदी कामगार, पुढे आपल्या वसाहतीतला रहिवासी. १९३७ ते १९३९ या काळात तो स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने स्वयंसेवक म्हणून लढला. अमेरिकेत येण्यासाठी भरलेल्या अर्जात मात्र याच काळात दक्षिण फ्रान्समध्ये लाकूडतोड कामगार असल्याची नोंद आहे.’ पहिल्या वाक्यात त्याचं पूर्ण नावही होतं. ते इथे देत नाही.

तिन्ही वाक्यं खरी आहेत. प्रत्येकासाठी माझ्याकडे कागद होता. प्रश्न तिसऱ्या वाक्यामुळे उभा राहिला.

मी नागपूरच्या एका दैनिकात अकरा वर्षं उपसंपादक होतो. बायकोला सिएटलजवळ बॉथेलला औषधांवर संशोधन करणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली आणि मी तिच्या व्हिसाला जोडलेला नवरा म्हणून इथे आलो. सुरुवातीची वर्षं मला कामाची परवानगी नव्हती. बिनपगारी काम करायला हरकत नव्हती. आमच्या वसाहतीतल्या काही रहिवाशांनी ‘आम्ही इथे कसे आलो’ या विषयावर एक छोटं संकेतस्थळ सुरू केलं होतं. घराघरातून जुने फोटो आणायचे, चार ओळी लिहायच्या, चढवायचे. चार ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि परवानगी मिळाल्यावरही राहिलं.

डावीकडून दुसऱ्या माणसाची मुलगी आमच्यापासून तीन घरं सोडून राहते. वय ब्याऐंशी. फ्रान्समध्ये जन्मली, आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर जहाजाने इथे आली, शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. नवरा वारला आहे. एक मुलगा आहे, पन्नाशीचा, प्लंबिंगचा व्यवसाय करतो आणि चाळीस मिनिटांच्या अंतरावर राहतो. बायको घरात तिचा उल्लेख आजी असा करते. ती मला संपादक म्हणते. मी संपादक कधीच नव्हतो, हे मी तिला पहिल्या भेटीत सांगितलं.

“मग काय होतास?”

“संपादकांनी लिहिलेलं दुरुस्त करायचो.”

“म्हणजे त्यांच्याही वर,” ती म्हणाली, आणि तेव्हापासून संपादकच म्हणत राहिली.

दर दिवाळीला बायको तिला चिवडा पाठवते. ‘तुमचं ते आवाज करणारं खाणं’ ती दुधात घालून खाते. आम्ही एकदा समजावलं, मग सोडून दिलं. ती आम्हाला कोबी भरलेले छोटे पाव पाठवते. मूळ लाटवियन पदार्थात बेकन असतं. आमच्यासाठी कोबी.

फेब्रुवारीच्या शेवटी तिने मला बोलावून घेतलं. जेवणाच्या टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. आत वडिलांचे कागद. तिने आधी फोटो काढला. दगडी भिंतीसमोर चार माणसं उभी, तिघांच्या डोक्यावर चपट्या टोप्या, चौथ्याच्या हातात टोपी. मागे पेन्सिलीने लाटवियन भाषेत ‘उन्हाळा १९३८’ आणि एका स्पॅनिश गावाचं नाव.

“टोपी काढलेला तो त्यांचा मित्र,” ती म्हणाली. “रीगात शिंपी होता. त्याच शरद ऋतूत मेला, एब्रो नदीच्या अलीकडे. बाकी दोघांचं काय झालं ते वडिलांनाही माहीत नव्हतं.”

वडिलांनी हे तिला ती साठ वर्षांची झाल्यावर सांगितलं, तेही आजारपणात, दोन बैठकांत. गोदीतल्या संपानंतर काम गेलेलं. मग पॅरिस, तिथून आगगाडी, तिथून पायी डोंगर ओलांडून स्पेन. त्या काळी युरोपातल्या बऱ्याच सरकारांनी आपल्या नागरिकांना त्या युद्धात जायला मनाई केली होती, लाटवियाच्याही. त्यामुळे युद्ध हरल्यावर परत जायला देश उरला नाही. सीमा ओलांडून फ्रान्समध्ये आले तर समुद्रकिनाऱ्यावर काटेरी तारेच्या आत ठेवलं. झोपड्या नव्हत्या, वाळूत खड्डे करून झोपायचे. पुढे मोठं युद्ध सुरू झालं तेव्हा बाहेर काढून जंगलात लाकूड तोडायला लावलं. ते काम त्यांनी नंतर बरीच वर्षं केलं. लग्न तिथेच झालं, मुलगी तिथेच झाली.

अमेरिकेच्या अर्जात त्यांनी लाकूडतोड तीन वर्षं आधी सुरू केली. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला स्पेनमध्ये त्या बाजूने लढलेल्या माणसाला कम्युनिस्ट समजून इथे आत घेतलं नसतं. डब्यात त्या अर्जाची कार्बन प्रत होती. इथे पोचल्याची तारीख मला पक्की करायची होती, म्हणून तिने ती माझ्यापुढे ठेवली. तारीख पाहताना वरचा कामधंद्याचा रकाना दिसला. मी वहीत दोन्ही नोंदी उतरवून घेतल्या, फोटोमागची आणि अर्जातली, एकाखाली एक.

तिने मला आणखी एक सांगितलं. सप्टेंबरमध्ये तिला स्पेनला जायचं होतं. शिंप्याला पुरलेलं गाव तिने मुलाच्या मदतीने शोधून काढलं होतं. जुना पासपोर्ट घर बदलताना हरवला होता, म्हणून आठवड्यापूर्वीच पोस्टात जाऊन नवा अर्ज दिला होता. अर्जासोबत वडिलांचं मूळ नागरिकत्वाचं प्रमाणपत्र जोडलं होतं, कारण ती नागरिक झाली ती त्यांच्यामुळे. ते नागरिक झाले तेव्हा ती चौदा वर्षांची होती.

हे मी ऐकलं होतं. वहीतही आहे.

निघताना ती म्हणाली, “लिहिलंस की वाचून दाखव.”

“आमच्याकडे छापायच्या आधी दाखवत नाहीत.”

“कडक आहात.”

“नियम आहे.”

आमच्या डेस्कवर दोन नियम होते. मजकूर संबंधिताला आधी दाखवायचा नाही, कारण मग तो बदलायला सांगतो. आणि दोन कागद एकमेकांशी जुळत नसतील तर दोन्ही छापायचे, आपण निवड करायची नाही. मी दोन्ही पाळले.

ओळ तयार झाल्यावर बायकोने वाचली. ती ऑफिसला निघाली होती, हातात गाडीची किल्ली.

“हे थर्ड सेंटेन्स कशाला?”

“कागदात आहे.”

“अरे, पण तो माणूस फॉर्ममध्ये खोटं बोलला असं लिहितोयस तू.”

“खोटं हा शब्द कुठे आहे?”

“शब्द नाहीये.” तिने पुन्हा वाचलं. “आपण दहा वर्षं हेच फॉर्म भरतोय यार. एक रकाना चुकला तर लॉयरला तीन मेल करतोस तू. आणि हे असं लिहितोस?”

“तो वारला त्याला वीस वर्षं झाली.”

“आजी आहे ना अजून,” ती म्हणाली आणि गेली.

मी ओळ तशीच चढवली.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता दार वाजलं. तिचा मुलगा होता, कामाच्या कपड्यांत. त्याच्या एका हातात सरकारी पत्र होतं आणि दुसऱ्या हातात फोन. फोनवर माझी ओळ उघडी होती.

“हे तू लिहिलंस?”

“हो.”

“कुणाला विचारून?”

“तुमच्या आईंनी फोटो दिला होता.”

“फोटो दिला. फॉर्म दिला होता?”

“दाखवला होता.”

“दाखवला,” तो म्हणाला. मी आत बोलावलं, तो आला नाही. त्याने पत्र माझ्याकडे दिलं. पत्र त्याच दिवशी दुपारी आलं होतं. आई घाबरून फोनवर बोलली, म्हणून तो काम सोडून आला. वाटेत थांबून त्याने आजोबांचं नाव फोनवर शोधलं. पहिलंच उत्तर माझी ओळ होती.

पासपोर्टच्या अर्जासाठी अधिक पुरावा हवा, असं पत्रात होतं. दोन मुद्दे. वडील नागरिक झाले तेव्हा ती त्यांच्याबरोबर राहत होती, याचा पुरावा. आणि तिच्या स्वतःच्या कायदेशीर प्रवेशाचा पुरावा. उत्तराला नव्वद दिवस. पत्रावरची तारीख सोमवारची होती, म्हणजे ओळ चढल्याचा सहावा दिवस.

“ती आत आली त्यांच्या अर्जावर,” मुलगा म्हणाला. “अर्ज चुकीचा ठरला तर त्यांचं येणं चुकीचं. मग त्यांचं नागरिकत्व. मग तिचं. ब्याऐंशी वर्षांची बाई. कुठे पाठवतील तिला? फ्रान्सला? तिथं तिला कुत्रं ओळखत नाही.”

मी म्हणालो की ओळ आत्ता काढतो. त्याने घड्याळ पाहिलं नाही, मी पाहिलं. पावणेसहाला ओळ गेली.

“गेली?”

“आपल्या साइटवरून गेली.”

“मी ते नाही विचारलं.”

ती कुणी पाहिली, हे त्याला हवं होतं. पान किती वेळा उघडलं गेलं, याची नोंद साइट ठेवते. तेवीस वेळा. त्यातल्या तेरा माझ्या स्वतःच्या, टंकदोष तपासताना. एक बायकोची, तीन हा उपक्रम चालवणाऱ्या बाईंच्या, एक आजीच्या मुलाची. पाच उरतात. त्या कुणाच्या, हे कळायची सोय नाही. आमच्या पेपरात छापलेलं मागे घ्यायची एकच रीत होती: दुसऱ्या दिवशी त्याच पानावर खुलासा द्यायचा. गुपचूप काढून टाकण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेलो. ती घरी नव्हती. शेजाऱ्यांनी सांगितलं की दफनभूमीत असेल. ती टेकडीपलीकडे आहे, गाडीने दहा मिनिटं.

तिथल्या सगळ्या कबरींवर हिरवळ आहे. तिच्या आईवडिलांच्या कबरीभोवती तेवढी वाळूची एक पट्टी आहे, दोन हात रुंद. लाटवियन लोकांची ही रीत, असं तिने मला पूर्वी सांगितलं होतं. कबरीभोवती वाळू टाकायची, दाताळ्याने तिच्यावर सरळ रेघा ओढायच्या आणि निघताना मागे मागे सरकत आपल्या पावलांवरूनही दाताळं फिरवायचं. ती तेच करत होती. मी हिरवळीवर उभा राहिलो.

“संपादक,” तिने वळून न पाहता म्हटलं. “तिथंच थांब. वाळूवर येऊ नको, आत्ताच झालंय.”

“मी माफी मागायला आलोय.”

“माहीत आहे. माझा मुलगा तुझ्यावर ओरडला का?”

“नाही.”

“मग माझ्यावरच ओरडला.” ती रेघ संपवून थांबली. “डबा मी उघडला. तू काही खिडकीतून आत शिरला नव्हतास.”

“मला वाचून दाखवायला हवं होतं.”

“हो,” ती म्हणाली. “हवं होतं.”

तिने दाताळं गाडीच्या डिकीत ठेवलं. मग विचारलं की ओळीत वडिलांचं नाव बरोबर लिहिलं होतं का. मी हो म्हणालो. वडिलांचं नाव आणि स्पेन हे दोन शब्द एकत्र छापलेले तिने कधी पाहिले नव्हते. आता पाहता येईल का, असं तिने विचारलं. काढून टाकलं आहे, असं मी सांगितलं. ती गाडीत बसली.

पुढच्या आठवड्यात मुलगा तिला वकिलाकडे घेऊन गेला. तिने मलाही बरोबर घेतलं. मुलाला ते पसंत नव्हतं, तो गाडीत माझ्याशी बोलला नाही. वकील पस्तिशीची बाई होती. तिने पत्र दोनदा वाचलं. असं पत्र बऱ्याच जणांना येतं, असं ती म्हणाली.

“ओळीमुळे आलं का?” मुलाने विचारलं.

“तसं दिसत नाही.”

“म्हणजे नाही?”

“म्हणजे मला माहीत नाही.”

तिचं म्हणणं असं होतं: जे विचारलं आहे त्याचंच उत्तर द्या. शाळेचा दाखला मिळवा. लहानपणीचं, परदेशी रहिवासी म्हणून मिळालेलं नोंदणी कार्ड असेल तर द्या. एक पानाचं प्रतिज्ञापत्र द्या, स्वतःच्या शब्दांत. आजोबांचा अर्ज मागितलेला नाही, तो पाठवू नका. फाडूही नका. आणि आता कुणी काही काढून टाकू नका. शेवटचं वाक्य बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं.

कार्ड डब्यात होतं. त्यावर दोन वेण्या घातलेल्या आठ वर्षांच्या मुलीचा फोटो आहे. शाळेचा दाखला यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत ती रोज दुपारी एक वाजता टपालपेटीपाशी जाऊन उभी राहायची. टपालगाडी दीडला येते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिची पेटी दिसते. मी त्या वेळी भांडी घासायला घ्यायचो. बायकोने एकदा विचारलं की आपल्या ग्रीन कार्डच्या अर्जाबरोबर कुणी तुझं नाव शोधलं, तर हे निघेल का. मी शोधून पाहिलं. पहिल्या दोन पानांवर निघालं नाही. तिसरं पान मी उघडलं नाही. दोन दिवसांनी उघडलं. तिथेही नव्हतं.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी ती आमच्याकडे आली. प्रतिज्ञापत्र लिहायचं होतं.

“तू लिही. तुझे शब्द नीट असतात.”

“मागच्या वेळीही नीटच होते,” बायको चहा ठेवताना मराठीत म्हणाली.

“काय म्हणतेय ती?”

“मी काळजीपूर्वक लिहावं, असं.”

“शहाणी आहे.”

मी लॅपटॉप उघडला. तिने सांगायला सुरुवात केली. “माझे वडील १९३७ पासून दक्षिण फ्रान्समध्ये लाकूडतोड कामगार होते.”

मी हात थांबवले. “हे तुम्ही पाहिलंत?”

“मला लहानपणापासून हेच सांगितलं होतं.”

“तुमचा जन्म तेव्हा व्हायचा होता. पाहिलेलं तेवढं सांगा.”

तिने कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, “मी चार वर्षांची असताना ते लाकूड तोडायचे. ते पाहिलंय. कोटाला राळेचा वास यायचा.”

“ते पत्रात विचारलेलं नाही.”

“मग काय विचारलंय?”

“चौदाव्या वर्षी कुठे राहत होतात.”

ते तिला नीट आठवत होतं. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, खाली चपला दुरुस्तीचं दुकान. वडील लाकडाच्या वखारीत पहाटेच्या पाळीला जायचे आणि दुपारी तिला शाळेतून आणायचे. ते नागरिक झाले त्या दिवशी शाळेने तिला अर्धा दिवस सुट्टी दिली होती. कोर्टाच्या पायऱ्यांवर आईने तिघांना एक संत्रं सोलून दिलं. मी तेवढं लिहिलं. एक पान भरलं. स्पेन नव्हतं, जंगल नव्हतं. मी तिला पूर्ण वाचून दाखवलं, दोनदा.

“हे लपवणं नाही ना?” तिने विचारलं.

“तुम्हाला विचारलेलं नाही.”

“त्यांना विचारलं होतं,” ती म्हणाली.

बायकोने पेन आणून ठेवलं. आजी ते आणि छापलेलं पान घेऊन बाहेर थांबलेल्या मुलाच्या गाडीत बसली, कारण सही साक्षांकित करणाऱ्या माणसासमोर करायची होती. सोमवारी पाकीट रजिस्टर टपालाने गेलं. गुरुवारी पोचल्याची नोंद झाली.

त्यानंतर नऊ आठवडे काही आलं नाही. मे महिन्यात तिने एकदा मुलाला सप्टेंबरचं विमानाचं तिकीट रद्द करायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी करू नको असं कळवलं. मुलगा दर रविवारी यायचा. जूनच्या सुरुवातीला त्याने आमच्या स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करून दिला. माझ्याशी दोन वाक्यं बोलला, दोन्ही नळाबद्दल.

जूनच्या तिसऱ्या शुक्रवारी टपालगाडी पावणेदोनला आली. ती पेटीपाशी होती. मी खिडकीत होतो. तिने पाकीट तिथेच फाडलं, आतली वस्तू दोन्ही हातांनी उघडली आणि फोटोचं पान डोळ्यांजवळ नेलं. मग आमच्या खिडकीच्या दिशेने ते वर धरलं. एवढ्या अंतरावरून मला फक्त निळं वेष्टन दिसलं. मी ओले हात घेऊन बाहेर गेलो. पासपोर्ट होता, तिच्या नावाचा, दहा वर्षांसाठी.

“फोटोत मी मेलेली दिसते,” ती म्हणाली. “पण नावाचं स्पेलिंग बरोबर आहे, संपादक. तपासलं.”

संध्याकाळी मुलाचा फोन आला. त्याने विचारलं की प्रमाणपत्र त्याच पाकिटात होतं का. नव्हतं. अर्जाच्या पावतीवर लिहिलं आहे की जोडलेले मूळ कागद वेगळ्या टपालाने परत येतात, पासपोर्टनंतर काही आठवड्यांनी. पावती मी स्वतः वाचली आहे.

फोटो साइटवर आहे. खाली फक्त ‘दगडी भिंतीसमोर चार माणसं’ एवढंच लिहिलं आहे. सप्टेंबरचं तिकीट आहे. दाताळ्याचा दांडा मुलाने कापून मधे स्क्रू बसवला, म्हणजे ते सामानात मावेल.

जुलैच्या शेवटी तिने चौकशीच्या क्रमांकावर फोन केला. कागद पाठवल्याची नोंद दिसत नाही, असं उत्तर मिळालं. आज ऑगस्टचा दुसरा सोमवार. दीडला टपाल आलं. पेटीत दातांच्या डॉक्टरचं स्मरणपत्र होतं आणि बागेच्या सामानाचा एक कॅटलॉग. वडिलांचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र अजून आलेलं नाही.